नाण्यावरची बाई

दसऱ्याचं सोनं वाटून झालं होतं, दिवाळीची चाहूल अजून लागायची होती, आणि अशा मधल्या रिकाम्या दिवसांत एका दुपारी तानाजीने जेवता जेवता सांगून टाकलं, "आबा, दिवाळीपासून आपलं नाणं बंद. कागदी कुपनं आणतोय मी."

राधाकिशनआबांनी मान हलवली आणि आमटीसाठी वाटी पुढे केली. पोराने विहिरीवरची मोटार बदलतो म्हटलं असतं, तरी त्यांनी एवढीच मान हलवली असती. सत्यभामाबाईंनी आमटी वाढली खरी, पण ती वाटीत कमी आणि आबांच्या धोतरावर जास्त सांडली.

"अगं, ध्यान कुठं हाय?"

"भाजलं का?"

"मला न्हाई. धोतराला भाजलं."

ध्यान कुठं होतं हे सत्यभामाबाईंना नवऱ्याला सांगता आलं असतं, तर मग काय हवं होतं! पण नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं बोलत त्या दोघांचा संसार इतकी वर्षं सुरळीत चालला होता.

आता हे नाणं म्हणजे काही सरकारी नाणं नव्हे. आष्टीहून कड्याच्या रस्त्याला लागलं की आबांचा माळ लागतो. त्या माळावर दगडाशिवाय कधी काही पिकलं नाही. पण कारखान्याच्या सभासदांची एक सहल मुंबईला गेली आणि तिथे खाडीपलीकडचं खेळण्यांचं भलंमोठं पार्क आबांच्या नजरेस पडलं. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, चांगली शिकलीसवरलेली माणसं तिथे पैसे मोजून उलटी टांगून घेत होती आणि किंचाळत होती. आबांनी तोंडात बोट घातलं. "किंचाळायला मानूस पैसं देतंय," ते गावात येऊन सांगू लागले, "मंग आपल्याकडच्या मान्सानी कुनाचं घोडं मारलंय? त्येंनी कावून किंचाळू नये?"

आबांच्या डोक्यात खूळ शिरलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. सरपंचकी त्यांनी पुतण्याच्या गळ्यात टाकली. जत्रा बंद करून घरी बसलेल्या एका म्हाताऱ्याकडून मोठा पाळणा विकत घेतला. डिझेल इंजिनावर चालणारी छोटी आगगाडी आली, माणसाचं भोपळ्यासारखं तोंड दाखवणाऱ्या आरशांची खोली आली, आणि खणलेल्या तळ्यात दोन बोटी आल्या, ज्या चैत्र लागला की चिखलात बूड टेकून बसत. फाटकावर पाटी लागली, ‘आनंदबन’. आधी सगळा तालुका हसला आणि मग तोच तालुका बैलगाड्या जुंपून, जीप भरून आनंदबनात आला. त्या भागात पाऊस नाही, कारखान्याचा भोंगा सोडला तर वाजणारं काही नाही. माणसं किती दिवसांची किंचाळायची राहिली होती, हे त्या पाळण्यावर कळलं.

तिकिटाऐवजी नाणं काढायची कल्पनाही आबांचीच. त्या वर्षांत सुट्ट्या पैशांची बोंब होती. वाण्याकडे रुपया परत मागितला की हातावर चॉकलेटं पडत. आबा म्हणाले, सरकारकडं सुट्टं न्हाई तर आपन आपलं काढू. नगरच्या एका कारागिराकडून त्यांनी पितळेचं नाणं पाडून आणलं. जुन्या रुपयाएवढं गरगरीत, हातात घेतलं की वजन लागावं असं. फाटकावर पैसे द्यायचे, नाणी घ्यायची आणि खेळाखेळावर ती टाकत हिंडायचं. एका बाजूला पाळणा होता. दुसऱ्या बाजूला एका बाईचं तोंड होतं.

"ही कोन म्हनायची?" पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं.

"लक्षुमी," आबा म्हणाले आणि इंजिनात डिझेल बघायला निघून गेले.

लक्ष्मी म्हणावी तर तिला चार हात नव्हते. कमळ नव्हतं, हत्ती नव्हते, डोक्यावर मुकुटसुद्धा नव्हता. डोईवर पदर, नाकात नथ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. पण पैशावर बाई म्हटल्यावर ती लक्ष्मीच असणार, हे लोकांनी मान्य करून टाकलं. आबांचं नाणं, आबांची लक्ष्मी. हात मोजत कोण बसतंय?

त्याच दिवशी आबांनी एक मूठभर नाणी घरी आणून सत्यभामाबाईंच्या ओंजळीत ओतली. "बघ," एवढंच म्हणाले आणि गेले. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात एक नाणं धरलं आणि पुन्हा पुन्हा तिरकं करून पाहिलं. बाईची डावी भुवई मधेच तुटलेली होती. लिंबागणेशला माहेरी असताना, परकरी वयात, घरच्या शेळीने शिंग मारून सत्यभामाबाईंची डावी भुवई मधोमध फाडली होती. तिथे पुन्हा केस उगवला नाही. सगळ्या त्रिभुवनात अशा भुवईची लक्ष्मी असेल तर ती एकच, आणि ती या क्षणी खिडकीशी पिठाच्या हातांनी उभी होती.

मग विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणायला सोपं आहे. आबा वाईट नवरा नव्हते. कधी हात उगारला नाही, बाटलीला शिवले नाहीत, बायकोच्या आजारपणात नगरच्या दवाखान्यात बाकड्यावर झोपले. पण बायकोचं कौतुक करणं त्यांच्या लेखी भर बाजारात तिचा हात धरण्यासारखं होतं. भाकरी चांगली झाली तर ते एक जास्त खात, न झाली तर एक कमी. कळायचं त्याने त्यावरून कळून घ्यावं. अशा माणसाला विचारायचं कसं, की ही मी आहे का? आणि विचारलं, आणि ते म्हणाले, ‘छ्या! तू कुठली? साचा बिघडला आसंल,’ तर? जे ओंजळीत आलं होतं तेही जाईल. न विचारता तरी ते आपलं आहे, असं सत्यभामाबाईंनी ठरवलं आणि मूग गिळून बसल्या.

पुढे जे झालं ते मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लोकांनी नाणी घेतली, पाळण्यात बसले, आगगाडीत बसले, आणि प्रत्येक घराने एकेक नाणं न खर्चता घरी नेलं. लक्ष्मी हातात आली आहे, ती काय पाळण्यावर उधळायची? नाणं देवघरात गेलं. कुणी धान्याच्या कणगीत टाकलं. लग्नात नवरीच्या ओटीत नारळासोबत रुपयाऐवजी आबांचं नाणं पडू लागलं. आनंदबनाच्या फाटकाशी बसवराज वाण्याचं किराणा दुकान होतं. त्याची बायको शांतादेवी ही सत्यभामाबाईंची एकुलती एक मैत्रीण. घरात महादेवाशिवाय दुसऱ्याला हात न जोडणारं ते लिंगायत कुटुंब, पण शांतादेवीनेही एक नाणं गल्ल्यात ठेवलंच. "आमच्यात लिंगाची पूजा," ती म्हणायची, "पर गल्ल्यात बसल्याली लक्षुमी, तिला कोन न्हाई म्हन्तंय?"

पहिल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाला शांतादेवीने सत्यभामाबाईंना दुकानात बोलावलं. पाटावर तांदूळ, तांदळावर वही आणि वहीवर ते नाणं. "अक्का, पयलं कुंकू तुमी लावा. तुमच्याच घरची लक्षुमी हाय." सत्यभामाबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि नाण्यावरच्या स्वतःच्याच कपाळाला लावलं. वर हातही जोडावे लागले. शांतादेवी नाणं निरखत म्हणाली, "हिचं त्वांड कुठंतरी पाहिल्यावानी वाटतंय बगा."

"क्यालेंडरवर पाहिलं आसंल," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि प्रसादाचा पेढा घाईघाईने तोंडात कोंबला, म्हणजे पुढे बोलावं लागू नये.

तेव्हा त्यांना भीतीही वाटली. जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही, आणि इथे तर सगळा तालुका जित्या बाईची पूजा करत होता. त्या आठवड्यात त्यांना पडसं झालं, तेव्हा आपला निरोप आला असंच त्या धरून चालल्या. थोरल्या लेकीला त्यांनी लोणच्याचं प्रमाणसुद्धा समजावून दिलं. पण पडसं आपोआप बरं झालं, भूक लागली, आणि मग त्यांनी ती भीती सोडून दिली. सोडली ती इतकी, की त्या पदर नाण्यावरच्यासारखा घेऊ लागल्या आणि सणावाराची नथ बुधवारच्या बाजारालाही घालू लागल्या. थोरल्या लेकीने नाक मुरडलं. आबांनी पाहिलं की नाही, देव जाणे.

ऊसतोडीला जाणारी जानकीबाई दर वर्षी ट्रकमध्ये चढायच्या आधी पाळण्यात एक फेरी घ्यायची आणि एक नाणं पदराच्या गाठीत बांधायची. कारखान्यावरून परत आली की पहिल्यांदा सत्यभामाबाईंच्या ओसरीवर येऊन टेकायची. "फडातल्या पाचटाच्या कोपीत ठिवलीती लक्षुमी," ती सांगायची. "सांगली झाली, कोल्लापूर झालं, पार कर्नाटकात गेलतो. रोज दिवा लावला. एक डाव कोपी जळाली बगा, समदं गेलं, पर ही सापडली राखंत." सत्यभामाबाई स्वतः नगरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पण त्यांचं तोंड कर्नाटकात जाऊन आलं होतं, उसाच्या फडात दिव्यापुढे बसलं होतं. जानकीबाई गेल्यावर त्या कितीतरी वेळ एकट्याच हसत बसायच्या. सुख झालं होतं त्यांना, दुसरा शब्द नाही.

अशी काही वर्षं गेली. तानाजी पुण्याहून बी.कॉम. होऊन आला, त्याचं लग्न होऊन वनमाला सून म्हणून घरात आली, आणि आनंदबनाचा कारभार हळूहळू त्याच्या हातात आला. तोपर्यंत गावात केबल आली होती, फाटकाशी फोनचं बूथ झालं होतं, आणि शांतादेवीच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. तानाजीच्या नजरेत सगळ्यात आधी भरलं ते नाणं. जेवढी नाणी फाटकावरून बाहेर जात, त्यातली निम्मीही खेळांवरून परत येत नसत. दर महिन्याला नगरला नवी पाडायला टाकावी लागत आणि पितळेचा भाव तर चढतच होता.

"लोक आपल्याकडं खेळायला येतेत का नवस फेडायला?" जेवणं झाल्यावर तो आईपुढे बसून म्हणाला. "काल एका म्हातारीनं पाळण्याच्या पेटीत नाणं टाकायच्या आधी त्याला नमस्कार केला. मागं लाइन लागलीय, आणि ही डोळे मिटून उभी! आई, कोल्ड्रिंकवाली कंपनी कुपनं फुकट छापून देतेय. आपल्याला एक पैसा खर्च नाही."

"फुकट कावून देतील?"

"मागच्या बाजूला त्यांच्या बाटलीचं चित्र असणार. जाहिरात. आता बाजार खुला झालाय, आई."

"मंग आधी काय कुलूप व्हतं?" सत्यभामाबाई फणकारल्या आणि भांडी घेऊन उठल्या. त्यांना बाजाराचं काही नव्हतं. आपल्या तोंडाच्या जागी बाटली येणार, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, नाणं चालू होतं तोवर विचारायला वेळ होता. आज नाही तर पुढच्या दिवाळीला, नाहीतर त्याच्या पुढच्या. आता नाणंच गेलं तर कशावर बोट ठेवून विचारणार?

तानाजीने फाटकावर पाटी लावली. ‘जुनी नाणी लक्ष्मीपूजनापर्यंत जमा करावीत. बदल्यात तेवढीच कुपनं मिळतील.’ आता पुण्यात शिकून आलेल्या पोराला हिशेब कळतो, पण कॅलेंडर कळत नाही, ते असं. लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर लोकांच्या घरातून लक्ष्मी बाहेर काढायला सांगणारा माणूस तालुक्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

नाणी भरायला त्याने गोणपाटाची पोती आणून ठेवली होती. ती घडी तशीच राहिली. नाणी परत करायला कुणी आलं नाही. उलट बंद होणार म्हटल्यावर घ्यायलाच झुंबड उडाली. आष्टीच्या बायका, कड्याच्या बायका, लेकीसाठी एक, सुनेसाठी एक. पाळण्याकडे कुणी बघेना. तोडीला निघालेली जानकीबाई ट्रक थांबवून आली आणि फाटकावरच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तान्या, पाटी तू लिवलीस?"

"हो. का?"

"दिवाळीला लक्षुमी घराभायेर काढ म्हन्तोस? आरं, कातरवेळंला आमी उसनं मीठ देत न्हाई शेजारनीला, आन तुला लक्षुमी द्यावी? आन बदल्यात काय, तर बाटली?"

"काकी, ती लक्ष्मी नाही, ते पार्कचं टोकन आहे."

"टोकान आसंल तुज्यासाठी," जानकीबाई म्हणाली. "माज्या कोपीत सा म्हयने दिवा तू लावलास व्हय?"

मागच्या बायका हसल्या. तानाजीने हात जोडले. "ठेवा बाई, तुमच्याकडंच ठेवा. पण मला नवी पाडायला लावू नका." त्या संध्याकाळी पाटी उतरली. लोकांची नाणी लोकांकडे राहिली, आणि कुपनं वेळेवर फाटकावर आली, निळी, गुळगुळीत, पाठीवर बाटली. पहिल्याच रविवारी जत्रेसारखी गर्दी होती. खेळून झाल्यावर पोरांनी कुपनांची विमानं करून पाळण्यातून सोडली. तेवढा आनंद त्या कागदानेही दिला, खोटं कशाला बोला.

सत्यभामाबाईंनी ते सगळं ओसरीवरून पाहिलं. लोकांनी आपल्याला घराबाहेर काढलं नाही, याने त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पण अर्धाच. लोकांनी लक्ष्मीला ठेवलं होतं. सत्यभामेला कुणी ठेवलंय का, ते सांगणारा माणूस एकच होता आणि तो अजून डिझेलच बघत होता.

दिवाळीचा फराळ सुरू झाला, त्या सुमाराला तानाजी नगरहून नाण्याचे ठसे पोत्यात घालून घेऊन आला. पोलादाचे दोन जड ठोकळे. एकावर पाळणा कोरलेला, दुसऱ्यावर ती बाई. ठसे आबांनी पैसे भरून करून घेतलेले, म्हणून कारागिराने ते परत दिले. "पोलाद हाय, भाव चांगला येईल," तानाजी म्हणाला आणि पोतं गोदामात टाकून दिलं. "भाऊबीज झाली की भंगारवाला येतोय. आई, ती जुनी घमेली पण काढून ठेव."

त्या पोत्याने सत्यभामाबाईंची झोप गेली. फोटो फाटतो, कागद विरतो, पण आपलं तोंड वितळवून त्याचं कुणी खोरं करणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी ठरवलं की ठसा काढून घ्यायचा आणि डाळीच्या डब्यात दडवायचा. डाळीच्या डब्यात घरातला कुठलाही पुरुष जन्मात हात घालत नाही. भाऊबीजेच्या दुपारी लेकी-भाचे जेवून पांगले, वनमाला माहेरी गेली, तानाजी फाटकावर होता. बाई गोदामात गेल्या, पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात घातला. एक ठोकळा निघाला. त्यावर पाळणा होता. त्यांनी पोतं उलटं केलं, झटकलं, घमेली हलवली, दारामागे पाहिलं. दुसरा ठोकळा नव्हता.

त्या तशाच भुईवर बसल्या. गेला, त्यांना वाटलं. भंगारवाला येऊन गेला असेल, किंवा तानाजीने आष्टीला कुणाला दिला असेल. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता भलताच राग आला. राग पोरावर नाही. राग त्या माणसावर, जो मूठभर नाणी ओंजळीत ओतून ‘बघ’ म्हणाला आणि निघून गेला. एवढी वर्षं मी बघतेच आहे. आता काय ते तोंडाने सांगावं. नसेल तर नाही म्हणावं. साचा बिघडला म्हणाले तर म्हणोत, पण मी विचारणार. लुगड्याला लागलेली धूळही न झटकता त्या उठल्या आणि भर उन्हात माळ तुडवत पाळण्याच्या इंजिनखोलीकडे निघाल्या. वाटेत शांतादेवीने दुकानातून हाक मारली, "अक्का, बसा की घडीभर." बाईंनी मान वळवली नाही. शांतादेवीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अक्काला असं चालताना पाहिलं.

इंजिनखोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं आणि त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

आबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरला होता. धोतराच्या सोग्याला इंजिनाचं तेल लावून ते मांडीवरचा ठोकळा अगदी हळू हाताने पुसत होते, तान्ह्या पोराची टाळू भरावी तसे. बाईंना बघताच त्यांनी ठोकळ्यावर धोतर ओढलं. गूळ चोरताना सापडलेलं पोरसुद्धा याहून बरं तोंड करतं.

"काय करताव?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई. गंज चढंल म्हनून."

"भंगारात द्यायच्या जिनसाला गंज चढला तर काय बिघडतंय?"

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गोदामातून तुमी काढला व्हय?"

"हां."

"आन पाळन्याचा का सोडला?"

"पाळना काय," आबा म्हणाले, "उभा हाय की भायेर."

सत्यभामाबाई दारातच उभ्या होत्या. एवढं चालून आल्यावर परत फिरायचं नाही, हे नक्की होतं. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "कुनाचं त्वांड हाय ते?"

आबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता. निव्वळ आश्चर्य होतं. "म्हंजी? तुला ठावं न्हाई?"

"तुमी सांगितलं कवा?"

"आता घ्या!" आबा म्हणाले. "आगं, म्या सांगायचं आनि काय ठिवलंतं? समद्या तालुक्याच्या हातात दिलं की."

बाहेर पाळणा फिरत होता आणि वरच्या डब्यातली कुठली तरी पाहुणी मंडळी मनसोक्त किंचाळत होती. सत्यभामाबाईंना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. एक बाई या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायला वर्षानुवर्षं कान टवकारून बसली होती, आणि त्या माणसाला वाटत होतं की आपण कधीचंच सगळं ओरडून सांगून मोकळे झालो. अशा माणसाला काय म्हणावं? आत येऊन त्यांनी लुगडं सावरलं आणि आबांच्या शेजारी तेलकट फरशीवर बसल्या.

"द्या हिकडं," त्या म्हणाल्या आणि मांडीवरचा ठोकळा ओढून घेतला. "नुस्तं वरवर पुसताव. कानात किती माती साठलीय बघा."